मुकी कावीळ

कोल्हापूरच्या माणसाचा पराक्रम त्याच्या कानावर लिहिलेला असतो. कुस्तीत मोडलेला, मुडपलेला, भज्यासारखा गोळा झालेला कान हा इथला खरा किताब. तो विकत मिळत नाही, आणि एकदा मिळाला की कुणी काढून घेऊ शकत नाही. स्टेशनबाहेरच्या रिक्षावाल्याने मला हे इतक्या गांभीर्याने सांगितलं की उतरताना मी मुद्दाम त्याचे कान पाहिले. ते शाबूत होते.

"आमी फकस्त बघणारं," तो म्हणाला.

मी नागपूरची. नागपूर ते कोल्हापूर हा रेल्वेप्रवास वर्णन करण्याजोगा नाही. तो फक्त लांब आहे. जाण्याचं कारणही प्रवासवर्णनाला शोभणारं नव्हतं. मी आयुष्यभर मुद्रितशोधन केलं, म्हणजे दुसऱ्यांच्या ऱ्हस्व-दीर्घावर पोट भरलं. माझ्या मैत्रिणीची मुलगी वर्षा कोल्हापुरात यकृताची डॉक्टर आहे. तिचा फोन आला. "मावशी, एक सरकारी पत्रक आहे. लोकांना कळत नाहीये. तू ये आणि का कळत नाही ते सांग." मी म्हटलं, पत्रक पाठव, घरबसल्या सांगते. "पत्रक तुला कळेल गं," ती म्हणाली. "ज्यांना कळलं नाही त्यांना भेटायला ये."

पत्रक हिपॅटायटिस सी या आजाराबद्दल होतं. आपल्या देशात हा आजार असलेली माणसं पुष्कळ आहेत, आणि त्यातल्या बहुतेकांना तो असल्याचं ठाऊक नाही, कारण तो वर्षानुवर्षं यकृतात गप्प बसून असतो. पसरतो रक्तातून, एकाला टोचलेली सुई दुसऱ्याला टोचली की पुरे. आता त्यावर गोळ्या निघाल्या आहेत. सरकारी दवाखान्यात त्या फुकट मिळतात आणि तीनेक महिने घेतल्या की बहुतेकांच्या रक्तातला विषाणू जातो. हे सांगताना वर्षाचा चेहरा दुकानात उत्तम माल असून गिऱ्हाईक न येणाऱ्या दुकानदारासारखा होतो.

उचगाव

उचगाव कोल्हापूरला इतकं चिकटलेलं आहे की शहर कुठे संपलं हे पाटी वाचल्याशिवाय कळत नाही. तिथल्या समाजमंदिरात वर्षा आठवड्यातून एकदा तपासणीला बसते. पत्रक दारावरच लावलेलं होतं. मथळा "यकृतशोथ-क" असा असायला हवा होता; हिपॅटायटिस सीचं ते सरकारी मराठी. छापताना 'थ'चा 'ध' झाला होता. पायरीवर बिडी ओढत बसलेल्या एका कामगाराने मला विचारलं, "पावणं, कुणाचं काय हरवलंय?"

पावणं असं इथे अनोळखी माणसाला म्हणतात. शब्द पुल्लिंगी की नपुंसकलिंगी हे मला शेवटपर्यंत ठरवता आलं नाही. तो मलाही लावला जात होता, तेव्हा नपुंसकलिंगी धरून चालले. आमच्या नागपुरात अनोळखी माणूस 'भाऊ' असतो. इथे आधी पाहुणा करून टाकतात, म्हणजे मग चौकशी हक्काने करता येते.

"शोध नाही, शोथ," मी म्हटलं. "शोथ म्हणजे सूज. यकृताला सूज."

"यकृत म्हंजे?"

"लिव्हर."

"मग लिव्हरला सूज म्हणायचं की ओ. एवढं लपवायला काय झालं?"

आत बाकावर बसलेल्या एक बाई वर्षाला "मला न्हाय कावीळ" असं बजावत होत्या आणि पुरावा म्हणून दोन्ही डोळ्यांच्या खालच्या पापण्या ओढून दाखवत होत्या. "बगा, पांढरंफेक हायती." वर्षाने समजावलं की या काविळीत माणूस पिवळा होतोच असं नाही.

"मग तिला कावीळ कशाला म्हणताय?"

वर्षाने माझ्याकडे पाहिलं. मी पत्रकाकडे पाहिलं. काविळीचं काय करायचं हे आपल्याकडे सगळ्यांना माहीत असतं. कुणी मुळ्यांची माळ गळ्यात घालतं आणि ती लांबत गेली की कावीळ उतरली म्हणतात; कुणी चुन्याच्या पाण्याने हात धुववून पिवळं पाणी काढून दाखवतं. यातले दोन्ही प्रकार आमच्या विदर्भातही चालतात, फक्त माणसांची नावं वेगळी. पण जिला रंगच नाही अशी कावीळ कुणाकडे न्यायची?

"माझ्याकडे आणायची. एवढंच पत्रकात लिहायचं होतं," वर्षा म्हणाली. "ते सोडून सगळं लिहिलंय."

मग तिने मला सांगितलं की कोडोलीला तिचा एक रुग्ण आहे, जुना पैलवान. पत्रकातली खरी चूक त्याने शोधून काढली आहे, आणि त्याने स्वतःच निरोप दिला आहे की त्या पत्रकवाल्या बाईला घेऊन याच.

कोडोली

उसाचा हंगाम होता. रस्त्यावर एकामागे एक जोडलेल्या दोन ट्रॉल्या, त्यावर घरभर उंचीचा ऊस, आणि पुढे ट्रॅक्टरवर कर्ण्यातून गाणी. अशा एका वरातीमागे आमची गाडी अडकली. वर्षा सारखी घड्याळ पाहत होती. गुऱ्हाळांवरून गुळाचा वास येत होता आणि मला कसलीच घाई नव्हती. वर्षाला ती का होती ते त्या पैलवानाच्या, म्हणजे भूपाल अण्णांच्या, दारात कळलं.

दारात त्यांच्या पत्नी उभ्या होत्या. सगळे त्यांना आक्का म्हणतात. त्या आमच्याकडे बघत नव्हत्या, मावळतीकडे बघत होत्या. घर जैनांचं, जुन्या वळणाचं. दिवस बुडाल्यावर अन्नाला हात लावायचा नाही. नाव-गाव विचारण्याआधीच त्या म्हणाल्या, "आधी जेवा. लिव्हर कुठं पळून जात न्हाय."

मी निघाले तेव्हा नागपुरातल्या प्रत्येकाने मला तांबड्या रश्श्याची भीती घातली होती. सावजी मटणावर वाढलेलं माणूस कोल्हापूरला भीत नाही, पण तयारीत असतं. ताटात आलं ते असं: ज्वारीची भाकरी, मुगाची आमटी, शेंगदाण्याची चटणी, आजऱ्याहून आणलेल्या घनसाळ तांदळाचा वासाचा भात आणि ताक. इतकं सौम्य आणि इतकं चविष्ट जेवण मी इतक्या वेगाने कधी जेवले नाही. उन्हाची तिरीप भिंतीवरून वर सरकत होती आणि घरातलं प्रत्येकजण माझ्या घासांकडे आणि त्या तिरिपेकडे आळीपाळीने बघत होतं.

समोर भूपाल अण्णा जेवत होते. त्यांच्या ताटात हेच सगळं, पण बिनमिठाचं. पोटात पाणी होतं म्हणून वर्षाने मीठ बंद केलं होतं. एके काळी दार भरून टाकणारा माणूस असणार. आता खांदे हँगरसारखे दिसत होते आणि सदऱ्याखाली पोट तेवढं घट्ट पुढे आलेलं. दोन्ही कान मोडलेले. अळणी आमटी ते अशी भुरकत होते की कुणाला ती अळणी वाटू नये.

हात धुतल्यावर त्यांनी मुद्द्यालाच हात घातला.

"दोन वर्सांमागं गावात शिबिर झालतं. रगात घेतलं. मग कागद दिला आन म्हणालं, तुमाला यकृत-काय-तरी क हाय, कोल्हापूरला जावा. मी म्हटलं, क हाय न्हवं? अ न्हाय न्हवं?"

"मग?"

"मग काय? नगरपालिका बगा. अ वर्ग मोठी, ब वर्ग मधली, क वर्ग बारकी. देवस्थानाचंबी तसंच. क वर्ग म्हंजे पत्र्याचा मंडप आन एक दानपेटी. मला वाटलं, किरकोळ हाय. जाईल आपोआप."

क वर्ग म्हणजे काय हे महाराष्ट्रातल्या प्रत्येक माणसाला ठाऊक आहे. पत्रक लिहिणाऱ्या समितीला तेवढं नव्हतं. समिती बहुधा अ वर्गातली असावी.

"गेल्या पावसाळ्यात पोट फुगलं, तवा गेलतो डॉक्टरांकडं," अण्णा म्हणाले. "त्या म्हणाल्या, उशीर केलासा."

वर्षा हळूच म्हणाली, "गोळ्या चालू आहेत. यांना सहा महिने घ्याव्या लागतील. विषाणू जाईल, मावशी. पण आकसलेलं यकृत परत येत नाही. दोन वर्षांपूर्वी आले असते तर कदाचित ही वेळ आली नसती."

यापेक्षा मोठं दुःख त्या घरात वेगळंच होतं, आणि ते आक्कांनी सांगितलं. लिव्हर गेलं म्हणजे दारू, एवढं वैद्यकीय ज्ञान प्रत्येक गावात असतंच. "आमच्यात चातुर्मासात कांदासुद्धा चालत न्हाय," आक्का म्हणाल्या. "ह्या माणसानं जल्मात सुपारी खाल्ली न्हाय. आन परवा पिठाच्या गिरणीत एक बाई मला म्हणती, आक्का, चोरून घेत असतील, पुरुषमाणसाचं काय कळतंय. मी दळण तसंच टाकून घरी आले."

"मग हे झालं कशाने?" मी विचारलं.

अण्णांनी आपल्या उजव्या कानाला हात लावला.

कुस्तीत डोक्याला डोकं घासून कानात रक्त साकळतं, कान फुगतो, रात्रभर ठणकतो. कोल्हापुरातल्या एका पेठेत अण्णांची तालीम. तिथले वस्ताद संध्याकाळी कान सुजलेल्या पोरांना ओळीने बसवायचे आणि साकळलेलं रक्त सिरिंजने ओढून काढायचे.

"काचेची व्हती," अण्णा म्हणाले. "पितळी तांब्यातल्या गरम पाण्यात बुडवून घ्यायचं. लई जपायचं वस्ताद तिला. कुणाला हात लावू द्यायचं न्हाईत."

"सगळ्यांना एकच सुई?"

"एकच. चांगली व्हती."

अण्णांनी मान एका बाजूला कलती करून दाखवली.

"एका हातानं सुई घालायचं, दुसऱ्या हातानं आमचं डोस्कं छातीशी धरायचं," अण्णा म्हणाले. "डोळ्यात पाणी आलं तर दुसऱ्या पोरांना दिसू न्हाय म्हणून. माझ्या मागं सर्जेरावचा नंबर असायचा. कायम. आमी दोघं एकमेकांबर लढायचो, तवा कान एकदमच सुजायचं."

वर्षाला पुरावा लागतो. "सुईनेच झालं हे मी सिद्ध करू शकत नाही," ती म्हणाली. "गावच्या डॉक्टरच्या इंजेक्शनने झालं असेल, कुणाचं कुणाला गेलं असेल, आता कोण सांगणार? पण मोडक्या कानांचे आणखी काही रुग्ण माझ्याकडे आले आहेत. ओळीत बसलेल्या बाकीच्यांनी एकदा रक्त तपासावं, एवढंच माझं म्हणणं. सर्जेरावांनी तर नक्कीच. त्यांचं यकृत कदाचित अजून वाचेल."

आणि तालीमवाले ज्याचं ऐकतील असा हे सांगणारा एकच माणूस होता, तो म्हणजे अण्णा. संधीही चालून आली होती. वस्तादांना जाऊन बरीच वर्षं झाली. त्यांचा पुतळा चौकात बसायचा होता. येत्या रविवारी अनावरण, आणि सर्वांत जुना पठ्ठा म्हणून अण्णांना दोन शब्द बोलायचे होते.

"त्या माईकवर सांगून टाका," आक्का म्हणाल्या. "एकदा सुईचं कळलं की माझ्या मागं कोण दारू-दारू करणार न्हाय."

"आन वस्तादांच्या मागं काय करतील?" अण्णा म्हणाले. "पोरं त्या पुतळ्याकडं बोट दाखवून म्हणतील, ह्योच तो रोग लावणारा. माझा बाप मेला तवा त्या माणसानं मला तालमीत ठेवून घेतलंय. स्वताच्या म्हशीचं दूध घातलंय."

मी माझ्या धंद्याला जागून म्हटलं, "सरळ सांगा. तालमीत सगळ्यांना एकच सुई वापरायचो, तेव्हा ते माहीत नव्हतं, आता आजार निघालाय, सगळ्यांनी तपासा. यात कुणाचा अपमान नाही."

"आन मागं पुतळा उभा."

"पुतळ्याला ऐकू येत नाही, अण्णा."

"लोकास्नी येतंय की."

"मग तुमाला गाव दारुडा म्हणतंय ते चालतंय व्हय?" आक्का म्हणाल्या.

"म्हणू दे. मी म्हातारा हाय. म्हणून म्हणून किती दिवस म्हणतील?"

आक्का उठून आत गेल्या. मग बराच वेळ भांडी गरजेपेक्षा जोरात वाजत होती.

निघताना अण्णांनी विचारलं की 'क' काढून मी पत्रकात काय घालणार. 'सुईची कावीळ' म्हणायचा माझा विचार होता. त्यांनी मान हलवली. सुई म्हटलं की तालमीतल्या प्रत्येकाला वस्तादच आठवणार.

"मुका मार म्हाईत हाय तुमाला?" ते म्हणाले. "वरनं काय दिसत न्हाय. कातडं फुटत न्हाय. आत रगात साकळून बसतं, आन कळतं तवा लई दिवस गेल्यालं असत्यात. ही तशीच हाय. मुकी कावीळ म्हणा."

गाडीत मी तो शब्द दोन-तीनदा उच्चारून पाहिला. त्याला शब्दार्थ द्यावा लागत नव्हता. एवढ्या एका शब्दात नागपूरहून येण्याचं भाडं वसूल झालं, असं मला त्या वेळी वाटलं.

तालीम

दुसऱ्या दिवशी आम्ही तालमीत गेलो. बायकांनी हौद्याजवळ, म्हणजे कुस्तीच्या मातीजवळ, जायचं नसतं, म्हणून आम्ही उंबऱ्यापाशी थांबलो. तिथून लाल माती दिसत होती, तेलाने काळी झालेली भिंत दिसत होती, आणि भिंतीवर वस्तादांचा फोटो. भरघोस मिश्या, डोळे करडे, डोक्याला फेटा. बाहेर अनावरणाचा फलक लागला होता. त्यावर स्वागतोत्सुक मंडळींचे चेहरे इतक्या दाटीने छापले होते की वस्ताद कोपऱ्यात पाहुण्यासारखे उभे होते.

सर्जेराव तालमीचे सेक्रेटरी. कान मोडलेले, आवाज शाबूत. त्यांनी आम्हाला खुर्च्या दिल्या, थंडाई दिली, फेट्यांचा रंग कोणता ठेवावा यावर माझं मतही घेतलं. वर्षाने विषय काढला: अनावरणाच्या दिवशीच इथे रक्ततपासणीचं टेबल लावू का?

"पुतळा होऊ दे, डॉक्टर. मग बघू. आता दारात सुई-बिई नको. लोकं म्हणतील, वस्तादांच्या तालमीत रोग हाय."

"मग तुम्ही एकटे या उचगावला. दोन मिनिटांचं काम आहे."

"मला काय धाड भरलीया? आजून रोज शंभर जोर मारतोय."

"अण्णांनाही काही होत नव्हतं," वर्षा म्हणाली.

सर्जेरावांनी आजूबाजूला पाहिलं आणि आवाज खाली आणला. त्यांचा खाली आणलेला आवाज हा आपला साधा आवाज असतो. "अण्णांचं येगळं हाय, डॉक्टर. माणूस देवमाणूस. मला सख्ख्या भावावानी. पण शेवटी माणूस हाय." असं म्हणून त्यांनी अंगठा ओठांपाशी नेला आणि मान जराशी मागे टाकली. दारूची ही खूण नागपुरातही अशीच करतात. या बाबतीत महाराष्ट्र एक आहे.

वर्षाला सगळं माहीत होतं. पण सुईची गोष्ट अण्णांची होती, आणि तालमीत सांगायची तर ती आपण स्वतःच सांगू, असं अण्णांनी तिच्याकडून कबूल करून घेतलं होतं. तिने थंडाईचा पेला खाली ठेवला आणि म्हणाली, "फेटे भगवेच ठेवा."

चौक

रविवारी चौकात मांडव पडला. प्रमुख पाहुणे यायला उशीर झाला. तो होणार हे सगळ्यांना माहीत असल्यामुळे सगळेच उशिरा आले होते, अण्णा सोडून. ते आक्कांबरोबर दुपारपासून पहिल्या रांगेत बसून होते. जुन्या पैलवानांना ओळीने बसवून एकेकाला फेटा बांधण्यात आला. फेटा बांधणाऱ्याचा हात चांगला होता. प्रत्येकाचे दोन्ही कान व्यवस्थित झाकले गेले. थोड्याच वेळात, ज्याच्यावर पराक्रम लिहिलेला असतो असा एकही कान मांडवात दिसेना.

पाहुणे आले. भाषणं झाली. वस्तादांनी माती जपली, संस्कार जपले, पिढ्या घडवल्या. वस्तादांना कधी पाहिलेलं नव्हतं अशी माणसं सर्वांत जास्त वेळ बोलली. मग पडदा ओढला गेला, टाळ्या सुरू झाल्या आणि मधेच विरल्या.

पुतळा चांगला होता. मिश्या होत्या, छाती होती. पण कान गुळगुळीत होते. देखणे, पातळ, शाळामास्तरांचे कान. शिल्पकार लांबचा, त्याला मिळाला तो तालमीतला फेट्याचा फोटो, आणि समितीने सांगितलं होतं की पुतळा बिनफेट्याचा हवा. झाकलेल्या जागी त्याने आपल्या मनाने कान बसवले होते.

"कुणाचं कान हे?" मागून कुणीतरी म्हणालं.

"पावण्यांचं असतील," दुसरा म्हणाला, आणि हसू पसरत गेलं. सर्जेराव घामाघूम झाले.

याच वेळी अण्णांचं नाव पुकारलं गेलं. ते पायऱ्या चढून व्यासपीठावर गेले, मधे एकदा थांबले. माईकपाशी आल्यावर त्यांनी पहिल्यांदा डोक्यावरचा फेटा उतरवला आणि टेबलावर ठेवला. दोन्ही मोडलेले कान उघडे झाले. हसू थांबलं.

"मला भाषण येत न्हाय," अण्णा म्हणाले. "वस्तादांनी आमाला जे दिलं ते सगळ्यांना सारखं दिलं. दुजाभाव केला न्हाय. ह्या कानाला त्यांचा हात लागलाय, तसा तुमच्याबी कानाला लागलाय. सर्जेराव, तुझ्याबी." इथे ते थांबले. "माया होती, म्हणून केलं. त्यात त्यांची चूक न्हाय. पर माझ्या कानात जे निघालं, ते तुमच्या कानात न्हाय असं समजू नका. लाजू नका. एकदा तपासून घ्या."

मी उभ्या आयुष्यात इतकी वाक्यं तपासली आहेत. इतकं जपून चाललेलं भाषण माझ्या हाताखालून गेलेलं नाही. वस्तादांना ओरखडा नाही, आणि सांगायचं ते सगळं सांगितलेलं. मी आक्कांचा हात दाबला. वर्षा ताठ बसली होती.

मांडवात टाळ्यांचा कडकडाट झाला. सर्जेराव डोळे पुसत माईकपाशी आले. त्यांचा आवाज पहिल्यांदाच चिरकला.

"अण्णांनी आपलं कान पुढं करून जी चूक दाखवून दिली, ती समितीला मान्य हाय," ते म्हणाले. "वस्तादांचं कान आमी तपासून घेऊ. मूर्तिकाराला उद्याच फोन लावतो."

पुन्हा टाळ्या. या वेळी पाहुण्यांनीही वाजवल्या.

अण्णांनी आमच्या रांगेकडे पाहिलं. मला वाटलं, ते माईक परत घेतील. सर्जेरावांनी त्यांना मिठी मारली होती आणि ते अण्णांच्या खांद्यावर डोकं टेकून रडत होते. अण्णांनी एक हात त्यांच्या डोक्यावर ठेवला. मग फेटा उचलला आणि सावकाश त्याची घडी घालायला लागले.

गाडीत बसेपर्यंत दिवस बुडाला होता. आक्कांनी सोबत आणलेला डबा तसाच बंद राहिला. अण्णा त्या दिवशी उपाशी झोपले.

"बोललो की मी, बाई," वाटेत ते म्हणाले.

"बोललात, अण्णा."

"कानाचं बोललासा," आक्का पुढच्या सीटवरून म्हणाल्या. "सुईचं न्हाय."

पुढे उसाची ट्रॉली होती, आणि कर्ण्यावर लग्नाचं गाणं लागलं होतं.

पुढच्या तपासणीच्या दिवशी आम्ही उचगावला संध्याकाळपर्यंत बसलो. तालमीतलं कुणी आलं नाही. कुणाला कदाचित अर्थ कळलाही असेल आणि तो सांगलीला किंवा मिरजेला, ओळखीचं कुणी दिसणार नाही अशा ठिकाणी जाऊन रक्त देऊन आला असेल. मला तसं समजायला आवडतं. वर्षाला आवडत नाही; तिला अहवाल लागतो.

नागपूर

परत आल्यावर मी पत्रक एका पानात बसवलं. मथळा 'मुकी कावीळ'. खाली साध्या मराठीत: डोळे पिवळे होत नाहीत, दारूशी संबंध असतोच असं नाही, जुन्या सुईतून आलेली असू शकते, रक्त तपासा, गोळ्या फुकट आहेत. समितीने ते अत्यंत उपयुक्त ठरवलं आणि मथळा तेवढा अशास्त्रीय म्हणून बदलला. आता तिथे पुन्हा 'यकृतशोथ-क' आहे. 'थ' बरोबर छापला आहे.

अण्णांच्या गोळ्या संपल्या. वर्षाने फोनवर सांगितलं की रक्तात विषाणू सापडला नाही. आजार बरा झाला. यकृत आहे तसंच आहे. पोटात पाणी भरतं तेव्हा ते कोल्हापूरला येतात आणि ती सुईने ते काढते. दर वेळी ते नवं पाकीट आपल्यासमोर फोडायला लावतात आणि वापरलेली सुई टाकून दिली की हळहळतात. चांगली होती, म्हणतात. गिरणीतली बाई अजून आक्कांशी समजुतीच्या सुरात बोलते.

सर्जेराव तपासणीला आलेले नाहीत. पण त्यांचा मला फोन आला होता, आनंदाचा. अण्णांच्या सूचनेनुसार पुतळ्याचे जुने कान काढून मोडलेले कान बसवले आहेत. ते हुबेहूब यावेत म्हणून शिल्पकाराला समोर एक नमुना हवा होता, तेव्हा सर्जेराव स्वतः बसले. मापं पुरी होईपर्यंत अख्खी दुपार हलले नाहीत.